अंथरुणाला खिळलेल्या रोग्याचे स्नान

महाराष्ट्रीय घरात सकाळचे स्नान ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली असते की, ती बंद पडेपर्यंत तिचे महत्त्व कोणाच्या ध्यानात येत नाही. घरातील वडील माणूस पक्षाघाताने, खुब्याचे हाड मोडल्याने किंवा केवळ वार्धक्याने अंथरुणाला खिळले म्हणजे औषधाच्या वेळा घड्याळ लावून पाळल्या जातात, फळांचे रस निघतात, भेटावयास येणाऱ्यांची रीघ लागते. स्नान मात्र ‘आज राहू द्या, उद्या पाहू’ या एका वाक्याखाली पहिल्याच आठवड्यात बुडते. कोणी म्हणते, सर्दी होईल. कोणी म्हणते, गादी भिजेल. आणि जे कोणी बोलून दाखवीत नाही ते हे की, सासऱ्याचे अंग सुनेने किंवा आईचे अंग मुलाने कसे पुसावे? ही तिन्ही कारणे खोटी नाहीत. परंतु तिन्हींवर उपाय आहेत, आणि ते न केल्यास पुढे जे ओढवते ते सर्दीहून कितीतरी भयंकर असते. मूळ रोगातून वाचलेले माणूस पाठीला पडलेल्या जखमेने दगावावे, असे पुष्कळ घरांत घडते.

रोग्याची शुश्रूषा ही वैद्यकाची दासी नव्हे, ती त्याचे एक अंगच आहे, हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. त्यांपैकी परिचारकाच्या अंगी चार गुण असावेत असे ग्रंथकाराचे म्हणणे आहे: उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी प्रेम व शुचिता. यांतील प्रेम बहुतेक घरांत असते; शुचिताही असते. उणीव असते ती ज्ञानाची. इंग्लंडात फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८६० च्या सुमारास शुश्रूषेवर जे छोटे पुस्तक लिहिले तेही मुख्यतः घरी रोगी सांभाळणाऱ्या सामान्य स्त्रियांसाठी होते, आणि त्यात शरीराच्या स्वच्छतेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे.

हे ज्ञान केवळ इस्पितळात शिकलेल्यांनाच येते, हा समज खोटा ठरविण्याचे काम अहमदनगर जिल्ह्यात झाले. (२०२४ पासून या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर असे आहे.) डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य प्रथम नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशनच्या रुग्णालयात काम करीत असे. बरे होऊन गेलेला रोगी तोच रोग घेऊन पुन्हा दारात उभा राहतो, कारण रोगाचे मूळ त्याच्या घरात व गावात असते, हे त्यांनी तेथे पाहिले. पुढे १९७० साली त्यांनी जामखेड या अवर्षणग्रस्त तालुक्याच्या गावी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकविले. त्यांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या, आणि कित्येक तर ज्यांना गावाने दूर ठेवले अशा जातींतील होत्या. या स्त्रिया बाळंतपण करू लागल्या, मुलांची वजने ठेवू लागल्या, क्षय व कुष्ठरोग ओळखू लागल्या. या कार्यासाठी १९७९ साली दोघांनाही रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडच्या निरक्षर बाईला जे शिकता आले ते शहरातील सुशिक्षित गृहिणीला किंवा गृहस्थाला शिकता येणार नाही, असे म्हणण्यास जागा उरत नाही.

स्नान का घालावयाचे हे समजण्यासाठी अंथरुणात त्वचेचे काय होते ते प्रथम पाहिले पाहिजे. निरोगी माणूस झोपेतही कुशी बदलीत असतो. ज्याला कूस बदलता येत नाही त्याचा भार तासन्‌तास ठराविक हाडांवर पडतो: माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, खवाटे, कोपरे आणि डोक्याची मागची बाजू. त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील दाब पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटरइतका असतो. हाड व गादी यांच्या चिमट्यात त्याहून अधिक दाब बराच वेळ राहिला की तेथील रक्त थांबते आणि मांस आतल्या आत मरू लागते. त्यात घाम व लघवी यांचा ओलावा मिळाला की त्वचा मऊ पडून फाटते. यालाच शय्याव्रण म्हणतात. बाहेर रुपयाएवढी दिसणारी जखम आत मुठीएवढी असू शकते, आणि तिच्यातून विष रक्तात भिनले तर प्राणावर बेतते.

तथापि ही जखम पूर्वसूचना देते. त्वचेवर लाल डाग उठतो. त्यावर बोट दाबून काढावे. डाग क्षणभर पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर धोका अजून टळण्यासारखा आहे. दाबूनही तो लालच राहिला तर व्रणास आरंभ झाला असे समजावे आणि त्या अंगावर रोग्याला मुळीच निजवू नये. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. तेथे काळसर निळसर छटा, ऊब किंवा कठीणपणा हातानेच ओळखावा लागतो. स्नानाचा खरा लाभ येथे आहे. रोज अंग पुसणारा हात रोज सर्व अंग पाहतो, आणि डाग पहिल्या दिवशीच सापडतो. ज्या घरी स्नान बुडाले तेथे तो दुर्गंधी सुटल्यावर सापडतो.

साहित्य फारसे लागत नाही. दोन पसरट भांडी, एक साबणाच्या व एक स्वच्छ पाण्यासाठी; मऊ सुती कापडाचे चार तुकडे, दोन पंचे, सौम्य साबण, मेणकापड, एक जुनी मऊ चादर, आणि मैले पाणी ओतण्यास बादली. मेणकापड गादीवर कमरेखाली आडवे पसरून त्यावर दुहेरी घडीची सुती चादर घालावी, म्हणजे गादी भिजण्याची भीती नाहीशी होते. उघड्या मेणकापडावर मात्र रोग्याला कधीही निजवू नये. त्याने घाम कोंडतो. पाणीही एका बादलीहून अधिक लागत नाही. पाथर्डी, कर्जत, जामखेड या भागांत उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्या घरालाही एवढे पाणी परवडते.

महागाच्या साधनांपैकी सर्वांत जुने साधन म्हणजे पाण्याची गादी. नील आर्नॉट या स्कॉटिश वैद्याने १८३२ च्या सुमारास ती शय्याव्रणासाठीच योजिली. पाण्यावर शरीराचा भार एका ठिकाणी न राहता सर्वत्र वाटला जातो, हे तिचे तत्त्व. आज विजेच्या लहान पंपावर चालणाऱ्या हवेच्या गाद्या मिळतात. त्यांतील नळ्या आळीपाळीने फुगतात व बसतात, त्यामुळे दाबाची जागा सतत बदलत राहते. अशी गादी योग्य फुगली आहे की नाही हे पाहण्याची सोपी रीत अशी: रोग्याच्या कमरेच्या जागी गादीखाली तळहात सरकवावा, हाड हाताला टेकले तर हवा कमी आहे. पाण्याची गादी फार भरली तर फळीसारखी कठीण होते व कमी भरली तर रोगी तळाला टेकतो. दोन्हींवर पातळ चादरच घालावी. मायेपोटी वर जाड गोधडी अंथरली की गादीचा सारा गुण फुकट जातो. हे सामान विकतच घ्यावे असे नाही. महाराष्ट्रातील अनेक शहरांत सार्वजनिक संस्था खाट, चाकांची खुर्ची, गादी इत्यादी रुग्णोपयोगी साहित्य अल्प भाड्याने किंवा अनामत ठेवून देतात. मात्र कोणतीही गादी रोग्याला कुशीवर वळवीत नाही. दर दोन तासांनी कूस बदलण्याचे काम माणसाच्याच हातांनी व्हावयाचे असते.

आता प्रत्यक्ष स्नान. वारा येणारी खिडकी लावावी, पंखा बंद करावा. पाणी कोपराला सुखावह वाटेल इतके कोमट असावे. रोग्याच्या बधिर पायाला चटका कळत नाही, म्हणून त्याला विचारण्यावर विसंबू नये. सुरुवातीस, रोगी शुद्धीवर असो वा नसो, आता काय करावयाचे आहे ते त्याला सांगावे. सर्वांग चादरीखाली झाकलेले ठेवून एका वेळी एकच अवयव उघडावा, पुसावा, कोरडा करावा व पुन्हा झाकावा. सर्दीची आणि लाजेची अशा दोन्ही भीतींवर हाच एक उपाय आहे.

क्रम स्वच्छतेकडून मलिनतेकडे असावा. प्रथम डोळे, साबणाशिवाय, नाकाकडील कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला, आणि प्रत्येक डोळ्यास कापडाचा निराळा कोपरा. मग तोंड, कान, मान. नंतर हात, मनगटापासून काखेपर्यंत. शक्य असेल तर रोग्याचा पंजा भांड्यातील पाण्यात बुडवू द्यावा. महिनाभर पाण्याला न शिवलेल्या बोटांना तेवढ्यानेही स्नान केल्याचे समाधान मिळते. त्यापुढे छाती, पोट व पाय. येथे पाणी बदलावे. मग रोग्याला कुशीवर वळवून पाठ व कुल्ले, आणि शेवटी निराळ्या कापडाने गुह्यभाग. स्त्रियांचा नेहमी पुढून मागे पुसावा. ज्याला शक्य आहे त्याच्या हाती हे शेवटचे कापड देऊन तोंड दुसरीकडे वळवावे. काखा, स्तनांखालील घडी, जांघा व पायांच्या बोटांमधील जागा टिपून कोरड्या कराव्यात, घासू नये. कोरड्या त्वचेला खोबरेल तेलाचा हलका हात पुरे. या सर्वास अर्धा तास लागतो. मुखमार्जन दिवसातून दोनदा करावे. बेशुद्ध रोग्याच्या तोंडात पाणी मात्र ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर ठेवून ओल्या कापसाने तोंड पुसावे. केस आठवड्यातून एकदा धुता येतात: मेणकापडाच्या दोन्ही कडा गुंडाळून पन्हळ करावी, वरचे टोक मानेखाली व खालचे बादलीत सोडावे.

काही जुन्या समजुती आता टाकून दिल्या पाहिजेत. पूर्वी पाठीला स्पिरिट चोळीत. त्याने कातडी कोरडी पडून भेगाळते. लाल झालेला भाग रक्त खेळावे म्हणून चोळीत. त्याने आतले दुखावलेले मांस अधिकच फाटते. भोक असलेली रबरी चकती कमरेखाली देत. तिच्या कडांनी भोवतालचे रक्त अडते व मधला भाग सुजतो. पावडरीचे थर घामाने गोळे होऊन टोचतात. त्याऐवजी पाठीशी लोड देऊन रोग्याला किंचित तिरपे ठेवावे, पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी कराव्यात, आणि वर सरकविताना त्याला ओढू नये, दोघांनी खालच्या चादरीसकट उचलावे.

दुसऱ्या एका देहाचाही विचार येथे केला पाहिजे, आणि तो म्हणजे सेवा करणाऱ्याचा. बुटक्या खाटेशी दिवसातून दहा वेळा वाकणाऱ्या सुनेची कंबर वर्षभरात निकामी होते, आणि मग एका घरात दोन रोगी होतात. खाटेच्या पायांखाली भक्कम लाकडी ठोकळे देऊन ती कंबरेइतकी उंच केली तर हा प्रसंग टळतो. रोगी गडबडा लोळणारा असेल तर बाजूला कठडा मात्र हवा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे काम एकटीवर न सोपविणे. पुरुषांनी बाजारातून गादी आणून दिली म्हणजे त्यांचे कर्तव्य संपत नाही. वडिलांचे स्नान मुलाने घालावे, हे उचितही आहे आणि लाजेच्या प्रश्नाचे सरळ उत्तरही आहे. याच जिल्ह्याच्या पूर्व व दक्षिण भागांतून दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीस बाहेर पडतात व मागे म्हातारी माणसे राहतात. अशा ठिकाणी शेजार हाच आधार असतो. शहरातील बंद दारांच्या घरांना तो शेजार मागून घ्यावा लागेल.

राहुरी येथे १९३६ साली मेहेरबाबांनी मनोविकल माणसांसाठी आश्रम काढला, तेव्हा त्या माणसांना ते स्वतःच्या हातांनी स्नान घालीत. आज याच जिल्ह्यात शिंगवे येथे डॉ. राजेंद्र धामणे व डॉ. सुचेता धामणे यांची माउली सेवा प्रतिष्ठान ही संस्था रस्त्यावर सापडलेल्या निराधार मनोरुग्ण स्त्रियांना आसरा देते. ज्याला सर्वांनी टाकले त्याला पुन्हा माणसांत आणण्याचा आरंभ बहुधा पाण्यानेच होतो. घरातल्या रोग्याला कोणी टाकलेले नसते; परंतु ज्या दिवसापासून त्याच्या अंगाला केवळ औषध देण्यापुरता हात लागतो, त्या दिवसापासून आपण टाकले गेलो असे त्याला वाटू लागते. दोन भांडी, चार कापडे व अर्धा तास यांनी त्याचा रोग कदाचित बरा होणार नाही. पण त्याची पाठ शाबूत राहील, आणि सकाळी धुतलेले धोतर किंवा लुगडे अंगावर घेऊन ते माणूस दाराकडे पाहत राहील, तेव्हा येणाऱ्याला त्याच्याजवळ बसावेसे वाटेल.