उल्लेखाची दप्तरनोंद

नाशिकला रामकुंडावर विधीसाठी आलेल्या यात्रेकरूने आपले आडनाव आणि मूळ गाव सांगितले की त्या कुळाचे तीर्थोपाध्याय कोण हे तेथल्या तेथे कळते, आणि ते उपाध्याय घरच्या दप्तरातून नेमकी वही काढून त्याच्या आजोबा-पणजोबांनी केव्हातरी करून ठेवलेली नोंद त्याच्यापुढे ठेवतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या असंख्य नोंदींतून हवी ती एक नोंद इतक्या अल्पावधीत सापडते ती केवळ कागद जपले म्हणून नव्हे, तर गाव आणि आडनाव यांच्या क्रमाने त्यांची मांडणी लावलेली असते म्हणून. शिवाय प्रत्येक नोंदीत भाऊबंदांचा, चुलत्यांचा आणि पुत्रपौत्रांचा नामोल्लेख असतो, आणि असे उल्लेख परस्परांशी पडताळल्यानेच वंशावळीला प्रामाण्य येते. कोणीतरी उल्लेख करणे, तो वहीत दाखल होणे आणि ती वही आपल्या क्रमात बसलेली असणे, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच पूर्वजांनी लिहिलेली ती ओळ वंशजाच्या उपयोगी पडते. इंटरनेटवरील शोधयंत्रांचा व्यवहार समजून घेण्यासाठी नाशिककरांना याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

येवल्याची पैठणी विणणारे कारागीर, दिंडोरी-निफाडकडील द्राक्षबागायतदार, पंचवटीतील यात्रीनिवासांचे चालक, गंगापूर धरणाच्या परिसरातील कृषिपर्यटन केंद्रांचे मालक, अशा अनेकांना आज स्वतःचे संकेतस्थळ असणे अगत्याचे वाटते. कारण 2027 च्या सिंहस्थाला येणारा परप्रांतीय यात्रेकरू घरून निघण्यापूर्वीच मुक्कामाची तजवीज मोबाइलवरून करणार, हे उघड आहे. दुसऱ्या कोणाच्या संकेतस्थळावरून आपल्या संकेतस्थळाकडे येणाऱ्या दुव्याला या क्षेत्रातील मंडळी ‘बॅकलिंक’ म्हणतात. असा दुवा मिळावा म्हणून ती खटपट करतात, आणि मिळालेला दुवा ‘इंडेक्स’ झाला नाही, म्हणजे शोधयंत्राच्या दप्तरी लागला नाही, अशी त्यांची वारंवार तक्रार असते. या तक्रारीचे मूळ जाणून घेणे सामान्य वाचकाच्याही हिताचे आहे, कारण आपल्याला काय सापडते आणि काय सापडत नाही हे अखेर याच दप्तरावर ठरते.

एखाद्या ग्रंथाची योग्यता त्याचा आधार पुढे कोणी कोणी घेतला यावरून अजमावावी, हा विचार विद्वत्क्षेत्रात जुना आहे. युजीन गारफिल्ड या अमेरिकन सूचीशास्त्रज्ञाने 1964 साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध करून, कोणत्या शोधनिबंधाचा उल्लेख पुढील कोणत्या निबंधांत झाला याची पद्धतशीर सूची अभ्यासकांच्या हाती दिली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन तरुण संशोधकांनी 1996 च्या सुमारास त्याच तत्त्वाचे उपयोजन इंटरनेटवर केले. त्यांच्या पहिल्या शोधयंत्राचे नावच ‘बॅकरब’ होते, आणि 1998 साली त्याच कार्यातून गूगल कंपनी उभी राहिली. त्यांच्या ‘पेजरँक’ या गणिताचे मर्म असे की प्रत्येक दुवा ही एक शिफारस होय. मात्र साऱ्या शिफारशी सारख्या वजनाच्या नसतात, तर ज्याची स्वतःची शिफारस इतर मान्यवर पाने करतात त्याच्या शब्दाला अधिक वजन येते. 1840 साली स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाने किंवा 1989 साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने आपल्या पानावरून एखाद्या स्थानिक इतिहासाच्या संकेतस्थळाकडे दुवा दिला, तर तो कालपरवा केवळ दुवे विकण्यासाठी उघडलेल्या शंभर पानांहून मोलाचा ठरावा, हे या गणिताला अभिप्रेत आहे. आज गूगल इतरही अनेक गोष्टी विचारात घेते. तथापि दुव्याचे महत्त्व संपलेले नाही.

परंतु शिफारस दिली गेली म्हणजे ती पोहोचली, असे नव्हे. शोधयंत्राचा ‘बॉट’ हा स्वयंचलित वाचक एका पानावरील दुव्यांवरून दुसऱ्या पानांवर जातो, तेथील मजकूर वाचतो, आणि मग ते पान अनुक्रमणिकेत घ्यावे की नाही याचा निर्णय होतो. गूगल संकेतस्थळाच्या मालकाला जो अहवाल देते त्यात दोन शेरे वारंवार आढळतात: पत्ता कळला पण पान अद्याप वाचलेले नाही, हा पहिला, आणि पान वाचले पण दप्तरी घेतले नाही, हा दुसरा. पान सर्व नियमांना धरून असले तरी त्याची नोंद होईलच अशी हमी गूगल देत नाही, आणि वाचनासाठी काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत अवधी लागू शकतो. जे पान दप्तरी लागत नाही, त्यावरील दुव्याचे वजनही सामान्यतः कोणाच्या पदरात पडत नाही. येथेच खरी अडचण आहे. ‘सर्च कन्सोल’ या साधनातून नोंदीची विनंती करण्याचा अधिकार ज्याच्या मालकीचे ते पान त्यालाच असतो. ज्याच्याकडे दुवा येतो तो बागायतदार किंवा विणकर दुसऱ्याच्या पानासाठी अर्ज करू शकत नाही.

पान नोंदीविना राहण्याची कारणे बहुधा साधी असतात. 1994 साली मार्टाइन कोस्टर यांनी सुचवलेल्या ‘रोबोट्स’ नामक फाइलमध्ये बॉटला मज्जाव केलेला असतो, किंवा पानातच नोंद न करण्याची सूचना असते. कधी पान पासवर्डाआड असते, कधी त्याच संकेतस्थळाच्या दुसऱ्या कोणत्याही पानावरून तेथे जाण्यास वाटच नसते, तर कधी तोच मजकूर अन्यत्र आधीच असल्याने शोधयंत्र मूळ प्रत ठेवून नक्कल वगळते. पान दप्तरी लागूनही त्यावरील दुवा शिफारस म्हणून धरला जात नाही, असेही घडते. 2005 च्या जानेवारीत गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ‘नोफॉलो’ ही खूण मान्य केली, आणि ती लावणारा मालक आपण या दुव्याची ग्वाही देत नाही असे सांगत असतो. 2019 मध्ये गूगलने पैसे घेऊन दिलेल्या दुव्यांसाठी ‘स्पॉन्सर्ड’ अशी वेगळी खूणही ठरवून दिली, आणि तेव्हापासून नोफॉलोला ते निर्बंध न मानता केवळ संकेत मानते. विकिपीडियावरील बाह्य दुव्यांवरही 2007 पासून नोफॉलोची खूण असते. म्हणून तेथे आपले नाव घुसवण्याची धडपड शोधयंत्रापुरती निष्फळ असते.

मराठी पानांच्या वाट्याला याखेरीज आणखी काही अडचणी आल्या. युनिकोड या जागतिक अक्षरसंकेताच्या 1991 मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. तरी आपल्याकडे कित्येक वर्षे संस्था आणि नियतकालिके निरनिराळ्या फॉन्टांत मजकूर चढवीत राहिली. त्या फॉन्टांत पडद्यावर देवनागरी दिसत असे, पण आत साठवलेली अक्षरे रोमन असल्यामुळे शोधयंत्राला तो मजकूर निरर्थक भासे. आज तो प्रश्न बराच मिटला असला तरी त्याची जागा चित्रांनी घेतली आहे. कार्यक्रमाची पत्रिका, सत्काराचे वृत्त, पुस्तकाचा परिचय हे सारे चित्ररूपाने व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरते. तेथे शोधयंत्राला प्रवेश नाही, आणि चित्रात छापलेला पत्ता हा दुवा होत नाही.

अशा स्थितीत, ठरावीक रक्कम घेऊन तुमचे सारे बॅकलिंक इंडेक्स करून देऊ, असे आश्वासन देणारे दलाल पुढे येतात. त्यांची रीत बहुधा अशी की, न वाचलेल्या पानांकडे बॉटचे लक्ष वेधण्यासाठी आणखी शेकडो निरुपयोगी पाने उभी करून त्यांवर दुवे पेरायचे. किंवा गूगलने केवळ नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपण यांसाठी राखून ठेवलेल्या नोंदणीमार्गाने भलताच मजकूर आत सरकवायचा. क्रमांक वाढवण्यासाठी दुव्यांची खरेदी-विक्री करणे गूगलच्या नियमांविरुद्ध आहे; 2012 च्या एप्रिलमध्ये ‘पेंग्विन’ या सुधारणेने अशा दुव्यांवर विसंबलेल्या संकेतस्थळांना खाली ढकलले, आणि 2016 पासून ती तपासणी अखंड चालू असते. द्राक्षाच्या एका हंगामाच्या उत्पन्नातून अशा दलालाचे देणे फेडणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती अखेर काहीच उरत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण त्याने जे विकत घेतले ते मुळात विक्रीयोग्यच नव्हते.

खरे उपाय संथ आहेत, पण ते टिकतात. ज्या संस्थेने उल्लेख केला तिला विनंती करावी की तो उल्लेख चित्रात न ठेवता मजकुरात असावा, त्यावर खरा दुवा असावा, आणि ते पान संस्थेच्या मुखपृष्ठावरून गाठता यावे. प्रत्येक संकेतस्थळाने आपल्या पानांची ‘साइटमॅप’ ही यादी सादर करावी. 2006 पासून गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी ती पद्धत संयुक्तपणे मान्य केलेली आहे. बिंग आणि यांडेक्स यांनी 2021 साली सुरू केलेल्या ‘इंडेक्सनाऊ’द्वारे नव्या पानाची वर्दी त्या शोधयंत्रांना तत्काळ देता येते, गूगल मात्र त्यात सामील झालेले नाही. या सर्वांहून मोठा उपाय म्हणजे, जे अन्यत्र नाही असे काही आपल्या पानावर असणे: कोणत्या महिन्यात कोणत्या जातीचे द्राक्ष तयार होते, हातमागावरच्या पैठणीच्या पदराला इतका काळ का लागतो, ही माहिती ज्याच्याजवळ प्रत्यक्ष आहे त्याने ती सविस्तर लिहिली, तर तिचा आधार घेणारे आपोआप भेटतात.

आणि आधार घेतल्यावर तो मान्य करण्याचे औदार्य हवे. आपल्याकडे दुसऱ्याच्या संकेतस्थळावरील मजकूर उचलताना मूळ पत्ता देण्याची प्रथा अजून रुजलेली नाही. दिलाच तर ‘साभार’ एवढे लिहून विषय संपवला जातो, दुवा दिला जात नाही. त्यामुळे इंग्रजी पाने परस्परांना बळ देत वर चढतात, आणि मराठी पाने उत्तम असूनही एकाकी राहून दप्तराबाहेर पडतात. हा दोष यंत्राच्या माथी मारून चालणार नाही. यंत्र आपल्या उल्लेखांवरच चालते. नाशिकची वाचनालये, महाविद्यालये, देवस्थाने, शेतकरी कंपन्या आणि वृत्तपत्रे यांनी सिंहस्थापूर्वीच्या काळात एवढा एक शिरस्ता पाळावा: ज्याचे लिहिणे उपयोगी पडले त्याचे नाव घ्यावे, आणि त्या नावावर चालता दुवा द्यावा. यास खर्च नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही. आणि मराठीत लिहिलेले खरे ज्ञान शोधणाऱ्यापर्यंत पोहोचवण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला दिसत नाही.