पुडीत औषध किती, बाकीचं काय?

तुरीवरच्या शेंग पोखरणाऱ्या अळीसाठी इमामेक्टिन बेंझोएट 5 एसजी (पाण्यात विरघळणारे दाणे) दहा लिटर पाण्याला 4.4 ग्रॅम टाकतात. एकरी दोनशे लिटर पाणी धरलं तर 88 ग्रॅम दाणे लागतात आणि त्यात अळीला मारणारं रसायन असतं जेमतेम साडेचार ग्रॅम. एवढंसं रसायन चाळीस गुंठ्यांतल्या शेंगाशेंगांवर पोचवायचं, हे खरं कठीण काम. पुडीतला उरलेला 95 टक्के भाग त्यासाठीच असतो. नायगावच्या बाजारात कृषी केंद्रावर औषध घेताना आपण नाव आणि भाव विचारतो. नावापुढची दोन अक्षरं मात्र वाचायची राहून जातात.

ईसी म्हणजे तेलकट द्रावण. प्रोफेनोफॉससारखं रसायन पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणून ते आधी पेट्रोलियम जातीच्या द्रावकात विरघळवतात आणि तेल-पाणी जुळवून ठेवणारा पदार्थ त्यात घालतात. बादलीत ओतलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं. तेलाचे बारीक थेंब त्यात तरंगत असतात. पंप भरून बांधावर तासभर ठेवला, तर ते हळूहळू वेगळे होऊ लागतात. मग पिकाच्या सुरुवातीच्या ओळींना एक मात्रा मिळते आणि शेवटच्यांना दुसरी. एससीत रसायनाचे अतिबारीक कण द्रवात तरंगत असतात. ते बाटलीच्या तळाशी बसतात, म्हणून ओतण्याआधी बाटली हलवावीच लागते. डब्ल्यूपी ही भुकटी; पुडी फोडताना ती उडून नाकात जाते. तिचेच दाणे बांधून डब्ल्यूजी बनवतात, म्हणजे धूळ उडत नाही. औषध कालवणाऱ्या माणसाचा विचार यात आहे, म्हणून ही सुधारणा मला फार मोलाची वाटते.

पंपात तीन-चार औषधं, वर टॉनिक आणि स्टिकर, असं कॉकटेल गावोगाव चालतं. प्रत्येक बाटलीतले जुळवणारे पदार्थ वेगळे असतात, त्यामुळे मिश्रण कधी फाटतं आणि चोथा नोझलमध्ये अडकतो. बरणीभर पाण्यात त्याच प्रमाणात मिसळून अर्धा तास पाहिलं तर हे आधीच कळतं. पण बरणीत नीट दिसलेलं मिश्रण पिकाला आणि माणसाला सोसेलच, असं नाही.

आता थेंबाकडे बघू. 400 मायक्रॉनच्या एका थेंबाच्या पाण्यात 200 मायक्रॉनचे आठ थेंब होतात. बारीक थेंबांनी पान जास्त झाकलं जातं, मोठे थेंब पानावरून ओघळतात. म्हणून कीटकनाशकाला पोकळ शंकूच्या आकारात फवारणारं नोझल लावतात, तणनाशकाला सपाट पंख्याचं. पण थेंब फारच बारीक झाले की वाऱ्यावर तरंगत फवारणाऱ्याच्याच अंगावर येतात. झिजलेल्या नोझलचं भोक मोठं होतं. औषध जास्त जातं आणि अळी तशीच राहते.

मात्रेचा हिशेब पंपाच्या मापापाशी चुकतो. शिफारस बहुधा दहा लिटरला असते आणि पाठीवरचा पंप असतो सोळा लिटरचा. म्हणजे 20 मिलीचे 32 मिली झाले. पेट्रोलवरच्या पंपाला मात्रा तिप्पट घ्या म्हणतात, कारण त्याला एकरी पाणी कमी लागतं. औषध एकराच्या मापाचं, पाणी फक्त वाहून नेणारं. पण त्या पंपातून उडणारा तुषार तिप्पट तीव्र असतो आणि अतिशय बारीकही.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. कापूस डोक्याएवढा वाढलेला, फवारा तोंडाच्या उंचीवर. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधं किडीच्या मज्जासंस्थेतलं जे विकर बंद पाडतात, तेच विकर माणसाच्या शरीरातही आहे. ईसीतलं तेल तर रसायनाला कातडीतून आत जायला मदतच करतं. सगळ्यात तीव्र औषध कालवताना हाताळलं जातं, म्हणून हातमोजे तेव्हापासूनच हवेत आणि ढवळायला काठी हवी, हात नाही. तेलकट अंश नुसत्या पाण्याने निघत नाही. फवारणीनंतर साबण लावून अंघोळ करायची आणि ते कपडे घरच्या धुण्यात न मिसळता वेगळे धुवायचे.