वेल्सची उंच काळी टोपी आणि मॉन्मथची लोकरी टोपी

१ मार्च हा वेल्सचे संरक्षक संत सेंट डेव्हिड यांचा दिवस. त्या दिवशी वेल्समधल्या शाळांत लहान मुली लाल शाल, चौकड्यांचा कपडा आणि डोक्यावर उंच काळी टोपी अशा वेशात येतात. ही टोपी आज वेल्सची खूण बनली आहे. पण ती फार प्राचीन असावी असे वाटत असेल, तर तसे नाही. वेल्सला खरी जुनी टोपी होती ती लोकरीची, सुयांवर विणलेली.

मॉन्मथची टोपी

आग्नेय वेल्समधले मॉन्मथ हे गाव पंधराव्या-सोळाव्या शतकांत विणलेल्या टोप्यांसाठी प्रसिद्ध होते. जाड लोकरीची गोल टोपी आधी डोक्यापेक्षा मोठी विणत. मग ती भिजवून, तुडवून-बडवून आटवत. लोकरीचे तंतू एकमेकांत इतके गुंतत, की कापड दाट होई आणि थंडी-पाऊस आत शिरत नसे. शेंड्याला बटणासारखा गोंडा आणि काठाला अडकवायला एक फास असे. सैनिक, खलाशी, मजूर सगळे ती घालत. शेक्सपिअरने ‘पाचवा हेन्री’ या नाटकात वेल्श सैनिकांच्या संदर्भात तिचा उल्लेख केला आहे.

लोकर आटवण्याचे हे काम पुढे पाणचक्कीवर होऊ लागले. अशा चक्कीला वेल्श भाषेत ‘पांडी’ म्हणतात. टोनीपांडी या गावाच्या नावात ती चक्की अजून शिल्लक आहे.

या धंद्याला कायद्याचा आधारही मिळाला. १५७१ साली पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात असा कायदा झाला, की सहा वर्षांवरील सामान्य माणसांनी रविवारी आणि सणाला देशात बनलेली लोकरी टोपी घालावी. न घातल्यास दंड. पण लोकांची आवड कायद्याने वळत नाही. १५९७ मध्ये तो रद्द झाला. एके काळी हजारोंच्या डोक्यावर असलेल्या या टोपीचा एक दुर्मीळ जुना नमुना मॉन्मथच्या संग्रहालयात जपलेला आहे.

उंच टोपी कुठून आली?

अठराव्या शतकाच्या अखेरीस वेल्समधल्या कष्टकरी बायका पुरुषांसारख्याच बुटक्या फेल्ट टोप्या घालत. साधारण १८३० नंतर तिचा माथा उंचावला आणि कड रुंद, सपाट झाली. आत चेहऱ्याभोवती झालर असलेली पांढरी सुती टोपी आणि वर ही काळी, असा थाट. सुरुवातीच्या टोप्या फेल्टच्या. पुढे कडक कापडाच्या साच्यावर रेशमी मखमलीसारखे कापड चढवू लागले. त्या काळी रेशमी टोप्या कडक करायला लाखेचा लेप वापरत, आणि युरोपात लाख मुख्यतः भारतातूनच जाई. गंमत अशी, की ज्या टोपीला अस्सल वेल्श मानले जाते, तिच्या जपलेल्या अनेक नमुन्यांवर कारखान्याचे नाव लंडनचे किंवा ब्रिस्टलचे आहे.

या वेशाच्या प्रसारात लेडी लॅनोव्हर, म्हणजे ऑगस्टा हॉल, यांचे नाव घेतले जाते. १८३४ साली कार्डिफच्या साहित्य-संगीत मेळाव्यात वेल्श भाषा आणि पोशाख जपण्याविषयीच्या त्यांच्या निबंधाला बक्षीस मिळाले. त्यांचे टोपणनाव होते ‘ग्वेंटची मधमाशी’. टोपी त्यांनी शोधली असे म्हणणे बरोबर नाही, कारण ती बायकांच्या वापरात होतीच. पण रोजच्या कपड्याला राष्ट्रीय पोशाखाचा मान मिळवून देण्यात त्यांचा वाटा होता.

तो मान मिळत होता त्याच सुमारास गावातल्या बायकांच्या डोक्यावरून टोपी उतरू लागली होती. १९०८ साली सिडनी व्होस्पर यांनी ‘सेलम’ हे चित्र रंगवले. त्यात छोट्या प्रार्थनाघरात उंच टोप्या घातलेल्या बायका दिसतात. पण चित्रकाराला टोपी एकच मिळाली होती, तीही उसनी. तीच आळीपाळीने सर्वांच्या डोक्यावर ठेवून चित्र पुरे झाले. पुढे हे चित्र घराघरांत पोहोचले, आणि वेल्स असाच होता असे लोक मानू लागले.

मग ही परंपरा खोटी का?

इतिहासकार प्रिस मॉर्गन यांनी १९८३ साली दाखवून दिले, की वेल्सच्या अनेक ‘प्राचीन’ खुणा अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत घडवल्या गेल्या. तरीही टोपीला खोटी म्हणता येत नाही. १८४७ च्या सरकारी अहवालाने वेल्श भाषेला लोकांच्या मागासलेपणाचे कारण ठरवले होते. अशा काळात आपण वेगळे आहोत हे दाखवायला लोकांना काहीतरी हवे होते.

मात्र खूण जपली म्हणजे भाषा जपली असे होत नाही. १९०१ मध्ये वेल्समधले सुमारे निम्मे लोक वेल्श बोलत. २०२१ च्या जनगणनेत ते प्रमाण १७.८ टक्के होते. टोपी वर्षातून एक दिवस घातली तरी चालते. भाषा रोज बोलावी लागते. म्हणूनच तिथे आज वेल्श माध्यमाच्या शाळांवर भर आहे.

गुढीपाडव्याला आपल्याही मुलांच्या डोक्यावर फेटा बांधला जातो. बांधताना त्यांच्याशी मराठीतच बोलूया, आणि दुसऱ्या दिवशीही.