निवृत्तीची तयारी : थोडे सामान, थोडा केर

निवृत्तीचा पहिला केर निरोपसमारंभाच्या संध्याकाळीच घरी येतो. चकचकीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले चार-पाच पुष्पगुच्छ, ॲक्रिलिकचे स्मृतिचिन्ह, एक भिंतीवरचे घड्याळ आणि तीन शाली. फुले तिसऱ्या दिवशी सुकतात. त्यांचे वेष्टन मात्र सत्कारमूर्तींच्या नातवंडांनाही पुरून उरते. देणाऱ्यांचे प्रेम खरे असते, त्याविषयी आम्हांला काहीच म्हणावयाचे नाही. परंतु त्याच संध्याकाळी जे आयुष्य सुरू होते, ते पुढे वीस-पंचवीस वर्षे चालावयाचे असते आणि त्या काळात घरात काय येणार व घरातून काय बाहेर जाणार, याचा विचार कोणीच केलेला नसतो.

बेळगावात तर ही गोष्ट विशेष लक्षात येते. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवरचे हे गाव. त्याला गरिबांचे महाबळेश्वर म्हणण्याची जुनी चाल आहे. नोकरी कोठेही झालेली असो, म्हातारपण येथे काढावे, असे अनेकांना वाटते. गृहभेटींच्या निमित्ताने आम्ही अशा पुष्कळ घरांत जातो. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, ज्येष्ठांच्या बचत योजनेतील व्याज या सर्वांचा हिशेब तेथे चोख असतो. पण घराचा स्वतःचा हिशेब, म्हणजे पाणी, वीज, अडगळ आणि केर, तो कोणत्याच वहीत नसतो.

हा हिशेब मांडण्याची वेळ निवृत्तीनंतरची नव्हे. ती पन्नाशीची आहे. कमी कचऱ्याचे जगणे ही सवयीची आणि थोडी मेहनतीची बाब आहे. पंचावन्नाव्या वर्षी अंगणात खत कालविणारा हात पंच्याहत्तराव्या वर्षी फावडे उचलू शकेलच असे नाही. म्हणून आज जी व्यवस्था करावयाची, ती उद्याच्या अशक्त हातांना झेपेल अशीच करावी. आमच्या मते सारी गोम येथेच आहे.

प्रथम घराचा विचार करू. निवृत्तीची रक्कम हाती येताच चार खोल्यांवर मजला चढविण्याची इच्छा होते. मुले येतील, सुना येतील, म्हणून. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा आखातात असतात आणि वर्षातून आठ दिवस येतात. उरलेले ३५७ दिवस दोन म्हातारी माणसे आठ खोल्यांची धूळ झाडीत बसतात. जगात होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के धरला जातो. न बांधलेली खोली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्मळ खोली होय. तोच पैसा असलेल्या घराची गळती थांबविण्यास, कौले परतण्यास, न्हाणीघरात धरावयाचा दांडा बसविण्यास आणि उंबऱ्याची उंची कमी करण्यास लावला, तर त्याच घरात दहा वर्षे अधिक सुखाने राहता येईल.

विजेच्या बाबतीत थोडे गणित उपयोगी पडते. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो. नव्या बीएलडीसी पद्धतीचा पंखा ३० वॉटच्या आसपास. रोज बारा तास पंखा फिरला, तर एका पंख्यामागे वर्षाकाठी जवळजवळ १९७ युनिट वाचतात. सौर विजेविषयी मात्र सबुरीने घ्यावे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केलेल्या सूर्यघर योजनेत २ किलोवॉटच्या संचास ६०,००० रुपये व ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचास ७८,००० रुपये साहाय्य ठरविले गेले आणि अनेकांनी लगेच छपराकडे पाहिले. पण कर्नाटकात १ ऑगस्ट २०२३ पासून गृहज्योती योजना लागू झाली. तीत घराच्या पूर्वीच्या सरासरी वापरावर १० टक्के वाढ धरून, अधिकात अधिक २०० युनिटांपर्यंतची वीज विनामूल्य मिळते. दोन माणसांचे काटकसरी घर त्या मर्यादेत सहज बसते. अशा घराने कर्ज काढून मोठा संच बसविण्यात शहाणपण नाही. पाणी तापविण्यापुरता सौर बंब बहुधा पुरेसा होतो. फुकट मिळते म्हणून दिवसभर दूरदर्शनसंच चालू ठेवणारेही आम्ही पाहिले आहेत. असो.

पाण्याचे दान निसर्गाने आपल्या भागाला मोकळ्या हाताने दिले आहे. बेळगावात वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे ५० चौरस मीटरच्या लहान छपरावर पन्नास हजार लिटर पाणी पडते. वाहून व उडून जाणारे वजा केले तरी चाळीस हजार हाती लागावे. पन्हळीला नळी जोडून पहिल्या पावसाचे मळके पाणी बाजूला सोडावे, पुढचे वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीत किंवा टाकीत घ्यावे. छपरावर चढून पाने काढण्याचे काम मात्र साठीनंतर स्वतः करू नये. त्यासाठी पन्हळीवर आधीच जाळी बसवून घ्यावी.

पिण्याच्या पाण्यासाठी घरोघर आरओ यंत्रे आली आहेत. हे यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना बहुधा दोन-तीन लिटर टाकून देते आणि त्याच्या गाळण्या वरचेवर बदलून कचऱ्यात टाकाव्या लागतात. पाण्यातील विद्राव्य क्षार आधी मोजून घ्यावेत. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी पिण्यास योग्य मानले जाते. क्षार तेवढेच असतील, तर पाणी गाळून उकळून घेणारी आजी चूक करीत नव्हती.

आता स्वयंपाकघराकडे वळू. शहराचा केर तुरमुरीला जातो. घरच्या भाजीच्या देठांनी ट्रकमध्ये बसून तेवढा प्रवास करावा, असे काहीच कारण नाही. आपल्या शेजारी खानापूर आहे आणि खानापूरची माती व कुंभारकाम प्रसिद्ध आहे. तेथली बुडाला व बाजूला भोके पाडलेली तीन मडकी एकावर एक ठेवावीत. ओल्या केराचा एक थर आणि त्यावर वाळलेल्या पानांचा तेवढाच थर, असे भरीत जावे. सुरुवातीला थोडे आंबट ताक शिंपडावे. वास आला तर पाने कमी पडली असे समजावे, फार कोरडे वाटले तर पाण्याचा हबका मारावा. दोन-तीन महिन्यांत काळसर, मातीच्या वासाचे खत तयार होते. जमिनीत खड्डा खणण्यापेक्षा मडकी बरी, कारण ती कमरेच्या उंचीच्या कट्ट्यावर ठेवता येतात आणि वाकावे लागत नाही. मडकी लहानच घ्यावीत. भरलेले मोठे मडके उतरविताना पाठ धरते.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे आम्हांला आवश्यक वाटते. निवृत्त गृहस्थ उत्साहाने जाहीर करतात की, आजपासून आमच्या घरात प्लॅस्टिक नाही. त्यानंतर दुधाची पिशवी धुणे, कापडी पिशव्या वाळत घालणे, सुका-ओला वेगळा करणे, तूरडाळ सुटी आणून निवडणे, ही सारी कामे कोणाच्या वाट्याला येतात? साहेबांना निवृत्ती मिळालेली असते, बाईंना नाही. उलट तीन वेळच्या चहाची त्यात भर पडलेली असते. अशी योजना फार दिवस टिकत नाही आणि ती टिकू नये, असेच आम्हांला वाटते. कामांची वाटणी कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दारावर लावावी; मडकी यजमानांची, रद्दी यजमानांची, भांडी दिवसाआड. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, बोहारणीकडे जाणारे कपडे, कल्हईची भांडी यांचे आपण मोठे कौतुक करतो. त्या काटकसरीमागे बायकांचे किती तास गेले, हे कोणी मोजले नाही.

म्हातारपणाचा म्हणून एक खास केर असतो, त्याविषयी लाजून चालत नाही. औषधे एकदम सहा महिन्यांची आणू नयेत. डॉक्टर गोळी बदलतात आणि उरलेल्या पट्ट्या कपाटात मुदत संपेपर्यंत पडून राहतात. मुदत संपलेले औषध मोरीत ओतू नये. ते पाण्यात मिसळते. मधुमेह्यांनी इन्सुलिनच्या सुया जाड झाकणाच्या डब्यात साठवाव्यात, नाहीतर त्या केर वेचणाऱ्या बाईच्या हातात रुततात. घनकचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांनी मुदतबाह्य औषधे, सुया व पाऱ्याचे तापमापक हा घातक केर म्हणून वेगळा काढला, आणि वापरलेले डायपर नीट गुंडाळून देण्याचे बंधन घरावर घातले.

डायपरविषयी आम्हांला अनेकदा विचारण्यात येते. त्यात प्लॅस्टिक असते, ते कुजत नाही, हे खरे. हिंडत्याफिरत्या वृद्धांना धुता येणारी सुती लंगोटी, गादीवर मेणकापड आणि पलंगाजवळ कमोडची खुर्ची एवढ्यावर दिवस निभावता येतो. रात्रीपुरता किंवा प्रवासापुरता डायपर वापरावा. पण जो अंथरुणाला खिळला आहे, ज्याच्या पाठीला जखमा होण्याचे भय आहे आणि ज्याची सेवा एकटी सून किंवा एकटी बायको करते, त्याच्या बाबतीत हा हिशेब मांडूच नये. त्याला कोरडे ठेवावे. केर दुसरीकडे कमी करता येईल.

आता उरले सामान. आम्हां धर्मगुरूंची दर काही वर्षांनी बदली होते, त्यामुळे आमच्याकडे सामान किती साठले ते टेम्पोवाला वेळोवेळी सांगतो. गृहस्थाला असे सांगणारा कोणी नसतो. माळ्यावर बंद पडलेले दोन मिक्सर, मुलांच्या शाळेच्या वह्या, पितळी हंडे, जुने संगणक, न वापरलेली काचेची भांडी साचत राहतात. माळ्यावर शिडीने चढता येते तोवरच हे उतरवावे. विजेच्या वस्तू भंगारवाल्याने तारा जाळून तांबे काढावे म्हणून देऊ नयेत, नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण केंद्राकडेच द्याव्यात. हंडे कोणाला, शिलाईयंत्र कोणाला, हे आपण हयात असताना विचारून ठरवावे. मुलांना काय नको आहे, हेही न रागावता ऐकून घ्यावे.

आणि काही वस्तू मुळात विकत घेऊच नयेत. चाकांची खुर्ची, वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी या वस्तू एका घरात बहुधा काही महिने लागतात आणि नंतर वर्षानुवर्षे जिन्याखाली गंजतात. त्या गावाने मिळून ठेवाव्यात. प्रत्येक मंडळाजवळ, प्रत्येक चर्चजवळ एखादी कोरडी खोली असतेच. एक जाड वही, वस्तूला क्रमांक, नेल्याची तारीख, परत आणल्याची तारीख, थोडी अनामत रक्कम, आणि ढिले स्क्रू आवळण्यास शनिवारी तासभर बसणारे कोणीतरी निवृत्त कारागीर. याहून अधिक भांडवल त्याला लागत नाही. ज्यांच्या जिन्याखाली अशी खुर्ची आज उभी असेल, त्यांनी ती पुसून, चाकांना तेल देऊन आणून द्यावी.