‘ऊब’ची पाटी

परभणीचं नाव काढलं की लोकांना आधी ऊन आठवतं. पण डिसेंबर-जानेवारीत इथल्या कृषी विद्यापीठात नोंदला जाणारा पारा दरवर्षी बातमीत येतो आणि काही वर्षी तो ५ अंशांच्याही खाली गेला आहे. अशा रात्री स्टेशन रोडला चहाच्या टपरीभोवती जे कोंडाळं जमतं, त्याला गरम चॉकलेटही चालेल असं कुणाला वाटलं तर त्यात नवल नाही. समजा, कुणी तसं दुकान काढतंय. नाव घटकाभर ‘ऊब’ धरू. दुकान काल्पनिक आहे, पण त्याची पाटी आणि रंग ठरवताना येणाऱ्या अडचणी अगदी खऱ्या आहेत.

नावापासून सुरुवात करू, कारण बोधचिन्हाचं निम्मं काम नावच करतं. पाटीवर नुसतं ‘गरम चॉकलेट’ लिहिलं तर काय मिळतं ते कळेल, पण ते नाव तुमचं राहणार नाही. ट्रेड मार्क्स अधिनियम, १९९९ च्या कलम ९ प्रमाणे मालाचं निव्वळ वर्णन करणारा शब्द सहसा नोंदवता येत नाही. समोरचा गाळेवालाही उद्या तोच शब्द लावू शकतो. ‘ऊब’ हे वर्णन नाही, सूचन आहे. शिवाय दोनच अक्षरं. याचा फायदा पुढे पाटीच्या मापात दिसेल. (‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ पाटीवर टाकायचा मोह प्रत्येकाला होतो. टाकावं, पण आत भिंतीवर. गावभर बोललं जाणारं वाक्य एका दुकानाची ओळख होऊ शकत नाही.)

आता अक्षर. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर दुकान लहान असो की मोठं, पाटीवर देवनागरीतलं मराठी नाव आधी यावं लागतं आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरं त्याहून मोठी चालत नाहीत. बरेच जण इंग्रजी बोधचिन्ह करून घेतात आणि मराठी नाव नंतर कोपऱ्यात कोंबतात. ते पाटीवर दिसतंही तसंच, उपऱ्यासारखं. देवनागरीपासूनच सुरुवात केली तर कायदाही पाळला जातो आणि चित्रही चांगलं होतं.

गरम पेयाच्या दुकानाचं बोधचिन्ह म्हटलं की संगणकावरच्या दहांपैकी नऊ नमुन्यांत कप आणि त्यावर वाफेच्या दोन-तीन वळ्या असतात. रोमन लिपीत त्या खपून जातात. देवनागरीत मात्र शिरोरेघेच्या वर काढलेली वळी ही वाफ राहत नाही, मात्रा होते. ‘ऊब’च्या ब वर एक वळी काढली की लोक ‘ऊबे’ वाचतात, दोन काढल्या की ‘ऊबै’. तेव्हा वाफ सोडून द्यायची आणि अक्षरातच काय दडलंय ते पाहायचं. ‘ऊ’कडे नीट बघा. वर सरळ शिरोरेघ, खाली गोलाई आणि उजवीकडे बाहेर आलेलं शेपूट. शिरोरेघ कपाची कड झाली, गोलाई त्याचं पोट झाली आणि शेपूट कान झालं, की कप वेगळा काढावाच लागत नाही. फार ओढाताण करायची नाही. आधी ‘ऊ’ वाचला गेला पाहिजे, कप मागाहून दिसला तरी चालेल. मराठीत ही विद्या जुनी आहे. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली नावं चाळली, तर शब्दाचा अर्थ अक्षराच्याच अंगातून कसा काढायचा याचा सगळा अभ्यासक्रम तिथे सापडतो.

हाताने अक्षर काढणारा कुणी मिळत नसेल, तर ‘एक टाइप’ या मुंबईच्या गटाचे मुक्त, बलू, मोदक हे फाँट फुकट वापरता येतात. मोदक इतका जाड आणि गुबगुबीत आहे की गरम चॉकलेटला शोभतो, पण लहान आकारात त्याच्या आतल्या फटी बुजतात. मोठ्या नावाला तो आणि खालच्या ओळीला मुक्त, असं जमेल.

माप हा कंटाळवाणा भाग वाटतो, पण पाटी पडते ती इथेच. पाटी करणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा की दर १० फूट अंतराला अक्षराची उंची १ इंच हवी. रस्त्यावरून ताशी ४० किलोमीटरने येणारा मोटारसायकलवाला १०० फूट अंतर तीन सेकंदांच्या आतच कापतो. तेवढ्यात त्याने नाव वाचावं असं वाटत असेल तर अक्षर १० इंच पाहिजे. दोन अक्षरांचं नाव दहा फुटी गाळ्यावर त्याहून मोठंही बसतं. ‘गरमागरम चॉकलेट कॅफे’ बसवायला गेलं तर वर मात्रा आणि अर्धचंद्र, खाली पत्ता, आणि अक्षर आपोआप चार इंचांवर येतं.

रंगांत आपण जरा थांबू, कारण इथे सगळ्यांची पहिली उडी चुकते. चॉकलेटचं दुकान म्हणून तपकिरी, आणि तपकिरीवर दुसरा तपकिरी. प्रकाशाच्या भाषेत तपकिरी म्हणजे अंधारलेला नारिंगी. आजूबाजूला उजळ काही असेल तरच तो तपकिरी वाटतो. म्हणून रात्री आतून दिवा असलेल्या पाटीवर गडद तपकिरी अक्षरं काळी दिसतात, आणि तपकिरी फिका केला की सरळ नारिंगीकडे झुकतो. दुसरी उडी जांभळ्यावर. ती नकोच. तो रंग कॅडबरीने लोकांच्या डोक्यात इतका पक्का बसवला आहे, आणि त्यासाठी इंग्लंडात नेस्लेशी कोर्टकचेऱ्याही केल्या आहेत, की तुमच्या दुकानावर तो उसना वाटेल.

मग रंग आणायचे कुठून? गंगाखेड किंवा मानवतच्या रस्त्याला लागा. नांगरलेली काळी माती पाऊस पडून गेला की काळी नसते, खोल तपकिरी असते. तो झाला आपला मुख्य रंग. वेचणीला आलेल्या कापसाचा पांढरा म्हणजे दुधाळ, किंचित पिवळट. तो दुसरा. तिसरा हवा तो ठिणगीसारखा, थोडासाच लागणारा. रब्बीत करडई फुलते तेव्हाचा तिचा केशरी-नारिंगी घ्या. करडई म्हणजेच कुसुंभ. तिच्या पाकळ्यांतल्या रंगाने पूर्वी कापड रंगवत, आणि ‘कुसुंबी’ हा शब्द तिथूनच आला. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या करडईच्या एका वाणाचं नावच ‘परभणी कुसुम’ आहे. गिऱ्हाइकाला यातलं काही माहीत नसलं तरी बिघडत नाही. दुकानदाराला सांगायला गोष्ट मिळते, आणि हे तीन रंग शेजारच्या लाल-पिवळ्या चहाच्या पाट्यांतून वेगळे उठून दिसतात, हे जास्त महत्त्वाचं.

आता आकडे. संगणकाच्या पडद्यासाठी लाल-हिरवा-निळा या क्रमाने माती ५९-३५-२०, कापूस २५५-२४३-२२० आणि करडई २४०-१३०-२० धरा. दोन रंगांमधला उजेडाचा फरक मोजण्याचं एक आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. वेबपानांवरच्या साध्या मजकुरासाठी ते किमान ४.५ मागतं. मातीवर कापूस सुमारे १३ येतो, उत्तम. मातीवर करडई साडेपाच, चालेल. कापसावर करडई मात्र अडीचही भरत नाही, म्हणून पांढऱ्या कपावर नारिंगी अक्षरं लिहायची नाहीत. आणि तो मोहाचा तपकिरीवर तपकिरी? दूध घातलेल्या चॉकलेटचा रंग आपल्या मातीवर ठेवला तर जेमतेम २. लांबून नाव दिसणारच नाही.

जमीन मातीची आणि अक्षरं कापसाची, हा क्रम उलटा करू नये. आपल्याकडे धूळ आहे. पांढरी पाटी पंधरा दिवसांत मळते, मातीच्या रंगावर माती दिसत नाही.

पडद्यावरचा रंग फ्लेक्सवर जसाच्या तसा येत नाही. तिथे सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक या चार शाया मिसळतात. करडई साधारण ०-५५-९५-० ने सोपी निघते. माती ५०-७०-८०-७० अशी चारही शाया मागते, त्यामुळे प्रत्येक मशीनवर ती थोडी वेगळी उतरते. सगळा बॅनर छापण्याआधी फूटभर पट्टी छापून घ्या आणि ती दुपारच्या उन्हात आणि रात्री दिव्याखाली, दोन्ही वेळा बघा. दुसरं, उन्हात मॅजेंटा आणि यलो आधी उडतात, सायन आणि ब्लॅक मागे राहतात. जुनी पोस्टरं निळी पडतात ती त्यामुळेच. म्हणजे फ्लेक्सवरचा तपकिरी दोन उन्हाळ्यांत राखाडी-निळसर होणार. उद्घाटनाचा बॅनर फ्लेक्सचा चालेल. कायमच्या पाटीला रंगीत पत्रा किंवा एसीपी (अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली) शीट आणि त्यावर कापलेली अक्षरं घ्यावीत, नाहीतर सरळ पेंटरकडून ऑइल पेंटने लिहून घ्यावं.

कागदी कपावर छापताना प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट लागते आणि खर्च तसा वाढतो. म्हणून बोधचिन्ह एका रंगातही उभं राहतं का, हे आधीच तपासायचं. रबरी शिक्का करून पुठ्ठ्यावर उठवून बघा. ‘ऊ’चा कान बुजला तर रेघ बारीक करायची नाही, आतली मोकळी जागा वाढवायची. कप खाली निमुळता असतो, त्यामुळे सरळ ओळीतलं नाव त्यावर हसल्यासारखं वाकतं. कपवाल्याकडून त्याचा पंख्याच्या आकाराचा नमुना मागून घ्या आणि नाव त्या कमानीवर बसवा. व्हॉट्सॅपच्या गोल चौकटीत शिरोरेघेची टोकं कापली जातात, म्हणून तिथे पूर्ण ‘ऊब’ न टाकता एकटा ‘ऊ’, तोही चारी बाजूंनी जागा सोडून.

नोंदणीचं थोडक्यात. पेय म्हणून विकायची भुकटी वगैरे वर्ग ३० मध्ये येते, दुकानात बसवून पाजण्याची सेवा वर्ग ४३ मध्ये. २०१७ च्या नियमांप्रमाणे व्यक्ती किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाला दर वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क ठरलं, नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण. अर्जाआधी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर नाव शोधून पाहावं. आपलं ‘ऊब’सुद्धा कुणी आधीच घेतलेलं असू शकतं. नावाशेजारी ‘टीएम’ लगेच लावता येतं, पण वर्तुळातला आर नोंदणी झाल्याशिवाय लावणं गुन्हा आहे.

शेवटी फाइल. जिल्ह्याच्या गावी छपाईवाला बहुधा ‘कोरल ड्रॉ’ या संगणक-प्रोग्रॅमवर काम करतो. त्याच्याकडे तुमचा फाँट नसला की ‘ऊब’च्या जागी चौकोन किंवा भलतीच अक्षरं उमटतात. म्हणून फाइल देताना तो जो प्रश्न विचारतो, तो त्याने विचारायच्या आधी आपणच विचारायचा: “कर्व्ह केलंय ना?” म्हणजे अक्षरांचं रूपांतर आकृत्यांत झालं का. कोरलची एक, पीडीएफची एक, आणि पारदर्शक पार्श्वभूमीचं एक चित्र, एवढं पेन ड्राइव्हमध्ये ठेवा. त्यासोबत पेंटरकडून प्लायवूडच्या वीतभर तुकड्यावर तिन्ही रंगांचे पट्टे मारून घ्या, मागे तारीख लिहा, आणि तो तुकडा कपाटात, उन्हापासून लांब ठेवा. दोन वर्षांनी पाटी पुन्हा रंगवायला निघेल तेव्हा पेंटर विचारेल, “मालक, तपकिरी कोणता?” तेव्हा त्याच्या हातात तो तुकडा द्यायचा.