२००१ पूर्वीची रक्ताची बाटली

जुलै १९८२ मध्ये बंगळुरात ‘कुली’च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन यांच्या पोटाला जबर मार बसला आणि गावोगाव लोकांनी देव पाण्यात ठेवले. सुमारे २०० जणांनी रक्त दिलं, साठेक बाटल्या चढल्या, माणूस वाचला. त्यातल्याच कुठल्याशा बाटलीतून हिपॅटायटिस बीचा विषाणू त्यांच्या अंगात गेला होता. तो सापडायला पुढे अठराएक वर्षं लागली आणि तोवर लिव्हरचा पाऊण भाग कामातून गेला होता. हे त्यांनी स्वतः जाहीरपणे अनेकदा सांगितलं आहे. २०१७ पासून जागतिक आरोग्य संघटनेचे हिपॅटायटिसविषयक सदिच्छादूत म्हणूनही ते बोलत आले.

त्यांच्या रक्ताची तपासणी निदान झाली तरी. त्याच काळात रक्त चढवलेल्या आणि नंतर कधीच तपासणी न झालेल्या माणसांचं काय?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या अंगाने हा प्रश्न पाहिला तर चित्र सहज डोळ्यांपुढे येतं. कणकुंबी, जांबोटी, नंदगड, लोंढा अशा जंगलपट्ट्यातल्या माणसाला मोठं दुखणं आलं की वाट बेळगावची, मिरजेची, नाहीतर घाट उतरून गोव्यातल्या बांबोळीची. बाळंतपणात रक्त वाहिलं, अपघात झाला, पोटाचं ऑपरेशन निघालं, की नातेवाईक रक्तासाठी धावायचे. त्या वर्षांत देशभर पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बरीच मदार होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या निकालात ही पद्धत बंद करायला सांगितलं आणि १ जानेवारी १९९८ पासून ती बंद झाली. बीसारखाच रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस सीसाठी दान केलेल्या रक्ताची तपासणी मात्र आणखी उशिरा, २००१ च्या सुमारास सक्तीची झाली. म्हणजे त्याआधी जी बाटली चढली, तिच्यात सीचा विषाणू नव्हता अशी खात्री कुणालाच देता येत नाही.

तेव्हाच्या डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे, पण ते न्यायाचं होणार नाही. या विषाणूला १९८९ पर्यंत नावच नव्हतं. सत्तरच्या दशकात अमेरिकेत हार्वी आल्टर यांना दिसलं, की रक्त घेतलेल्या अनेकांना लिव्हरचा दाह होतो आणि तो ए नाही, बीही नाही. वर्षानुवर्षं त्याला ‘ना ए, ना बी’ असंच म्हटलं गेलं. १९८९ मध्ये मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणू ओळखला, पुढच्याच वर्षी रक्ताची चाचणी आली. आल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं. चाचणी निघाल्यापासून ती आपल्या रक्तपेढ्यांत सक्तीची होईपर्यंत दहाएक वर्षं गेली. ही दिरंगाई मात्र माफ करण्यासारखी नाही. त्या दहा वर्षांत रक्त घेणाऱ्यांपुढे दुसरा पर्याय नव्हता.

रक्ताइतकीच सुईही महत्त्वाची. स्टीलच्या डबीत काचेची सिरिंज, बाजूला स्टोव्हवर उकळणारं पाणी, हे दृश्य साठी ओलांडलेल्या प्रत्येकाने पाहिलं आहे. पाणी नीट उकळलं, तर प्रश्न नव्हता. दवाखान्यात रांग लागली आणि तीच सुई नुसती खळबळून पुढच्याला टोचली, की घात. त्यात ‘सुई मारल्याशिवाय ताप उतरत नाही’ हा पेशंटचाच हट्ट, त्यामुळे गोळीवर भागलं असतं तिथेही इंजेक्शन दिलं जाई. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशव्यापी पाहणी झाली, तेव्हाही सुमारे ६३ टक्के इंजेक्शनं असुरक्षित आढळली होती. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा परिसरात पुन्हा वापरलेल्या सुयांमधूनच हिपॅटायटिस बीची साथ उसळली आणि माणसं दगावली. इजिप्तची गोष्ट तर याहून भयंकर. परजीवी कृमींच्या रोगावर सरकारी मोहिमेत १९८० च्या दशकापर्यंत इंजेक्शनं दिली गेली आणि त्याच सुयांनी हिपॅटायटिस सी घरोघर पोचवला.

एवढं होऊन माणसं तपासायला का जात नाहीत? कारण हा आजार बोलत नाही. आपल्याकडे कावीळ म्हणजे पिवळे डोळे, पिवळी लघवी आणि कुणीतरी सांगितलेला झाडपाला. हिपॅटायटिस सीमध्ये बहुतेकांना यातलं काहीच होत नाही. विषाणू शिरलेल्यांपैकी काही जण सहा महिन्यांत आपोआप त्यातून सुटतात, बाकीच्यांत तो मुक्काम करतो. वीस वर्षांत त्यांच्यातल्या १५ ते ३० टक्क्यांना सिरॉसिस होऊ शकतो. पोटात पाणी होईपर्यंत कशाचा पत्ता नसतो. आणि झाल्यावर गाव म्हणतं, दारू पीत असेल. थेंबही न घेतलेल्या, फक्त एका सिझेरियनच्या वेळी रक्त घेतलेल्या बाईलाही हा शिक्का सोसावा लागू शकतो. हे फार क्रूर आहे.

एकेकाळी तपासून तरी काय करणार, हा प्रश्नही खरा होता. उपचार म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शनं, सहा महिने ते वर्षभर, अंग मोडून काढणारी. खर्च लाखांत आणि गुण येईलच असं नाही. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफॉसबुविर ही गोळी मंजूर झाली. एका गोळीला हजार डॉलर, बारा आठवड्यांना ८४ हजार. भातशेतीवर जगणाऱ्या घराने हा आकडा नुसता ऐकायचा. पण २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना परवाने मिळाले आणि २०१५ पासून इथेच बनलेल्या गोळ्यांनी किंमत कोसळली. २८ जुलै २०१८ रोजी हिपॅटायटिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि सरकारी केंद्रांत तपासणी नि औषध दोन्ही मोफत झालं. बहुतेकांना बारा आठवडे गोळ्या पुरतात आणि शंभरातले नव्वदहून अधिक बरे होतात. या आजारावर लस मात्र आजही नाही.

म्हणून २००१ पूर्वी रक्त घेतलेल्यांनी, डायलिसिसवर असलेल्यांनी, जत्रेत एकाच सुईने गोंदवून घेतलेल्यांनी, उकळलेल्या-न उकळलेल्या सुयांच्या काळात महिनोन्महिने इंजेक्शनं घेतलेल्यांनी एकदा रक्त तपासून घ्यावं. पहिली चाचणी अँटिबॉडीची. ती निगेटिव्ह आली तर जुन्या शंकेचं ओझं उतरलं. घटना मागच्या काही महिन्यांतलीच असेल, तर मात्र सहा महिन्यांनी ती पुन्हा करावी लागते. पॉझिटिव्ह आली म्हणजे विषाणू आजही आहेच असं नाही, तो कधीतरी येऊन गेलेलाही असू शकतो. ते ठरवायला आरएनए चाचणी लागते. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने हा आजार पसरत नाही; दाढीचं ब्लेड आणि दात घासायचा ब्रश मात्र वेगळा ठेवावा.

बरं झाल्यावरही अँटिबॉडीची चाचणी बहुधा पॉझिटिव्हच येत राहते. पुढे कुठल्याही ऑपरेशनआधी तोच रिपोर्ट पाहून नव्या डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडेल. अशा वेळी उपचार संपल्यानंतर बारा आठवड्यांनी काढलेला आरएनएचा निगेटिव्ह कागद जवळ असायला हवा. तो रेशन कार्डाच्या पिशवीतच ठेवलेला बरा.