घरच्या संगणकांतील भुताटकी

जुन्या वाड्यांतून रात्रीं माळ्यावर खडखड झाली, कीं घरांत भुताखेतांच्या गोष्टी निघत. कोणी दिवा घेऊन वर गेलेंच, तर बहुधा सैल कौल दृष्टीस पडे. संगणक घरोघरीं आल्यापासून ही भीति नव्या जागीं राहावयास गेली आहे. मुलें परगांवीं नोकरीस व वडीलधारी मंडळी घरीं, अशीं कुटुंबें आमच्या पनवेलींत पुष्कळ. तेथें ती विशेष जाणवते. विंडोजच्या पडद्यावर एके दिवशीं 'रिमूव्हेबल डिस्क' नांवाचें, 'ई' किंवा 'एफ' अक्षर धारण केलेलें चिन्ह दिसूं लागतें. नवें कांहीं जोडलेलें नसतें. उघडूं जावें, तर 'डिस्क घाला' अशी आज्ञा होते. यांत घाबरण्यासारखें थोडें, परंतु उतावळेपणानें गमावण्यासारखें पुष्कळ आहे.

हीं अक्षरें आलीं कोठून? १९८१ सालीं आय.बी.एम. कंपनीनें आपला व्यक्तिगत संगणक बाजारांत आणला, तेव्हां फ्लॉपीच्या खणांस 'ए' व 'बी' हीं अक्षरें मिळालीं. १९८३ च्या सुधारलेल्या यंत्रांतील हार्ड डिस्क 'सी' ठरली. फ्लॉपी गेली, वहिवाट राहिली. ध्यानांत ठेवण्याची गोष्ट ही, कीं अक्षर पुष्कळदां खणाला मिळतें, खणांतील वस्तूला नव्हे. दारावर पाटी आहे, एवढ्यावरून आंत बिऱ्हाड आहे असें ठरत नाहीं. कॅमेऱ्याचें कार्ड घालण्याची खांच संगणकांत किंवा छपाईयंत्रांत असली, तर ती रिकामी असूनही स्वतःचें अक्षर मिळवूं शकते. इंटरनेटच्या कांहीं डोंगलांतही अशी खांच असते.

मात्र प्रत्येक भूत निरुपद्रवी नसतें. पेनड्राइव्हमधील नियंत्रक चकती बिघडली, तर तोही अगदीं असाच 'रिकामा' दिसतो. रिकामी खांच आणि मरणोन्मुख पेनड्राइव्ह यांचें पडद्यावरील रूप एकच. त्यांत मुंजींचीं छायाचित्रें किंवा कुलवृत्तान्ताचीं टिपणें असलीं, तर हा भेद ओळखणें अगत्याचें होय.

ओळखण्याची रीत सोपी आहे. प्रथम 'रीस्टार्ट' करावें. केवळ 'शट डाऊन' पुरत नाहीं, कारण विंडोज ८ पासून पुढें, लवकर सुरू व्हावें म्हणून, बंद करतांना कांहीं स्थिति जपून ठेवली जाते. नंतर पेनड्राइव्ह, डोंगल, छपाईयंत्र एकेक करून सोडवावें. ज्यासरशीं चिन्ह नाहींसें होईल, तें त्याचेंच. सर्व सोडवूनही चिन्ह राहिलें, तर तें बहुधा आंतील कार्डाच्या खांचेचें. 'स्टार्ट' च्या बटणावर उजवी कळ दाबून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावें: तेथें 'नो मीडिया' असेल, तर संगणकास आंत कांहीं सांपडत नाहीं, गिगाबाइटचा आंकडा असेल, तर तेथें खरी जागा आहे, तिला हात लावूं नये. खांच रिकामी असल्याची खात्री पटल्यावर तिचें अक्षर तेथूनच काढतां येतें. अक्षर काढल्यानें मजकूर पुसला जात नाहीं.

कधीं कधीं 'वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा' असा प्रश्न पुढें येतो. त्यास 'नाहीं' हेंच उत्तर द्यावें. घरचा पेनड्राइव्हच रिकामा दिसूं लागला, तर दुसऱ्या संगणकावर एकदां लावून पाहावा, आणि तेथेंही तसाच दिसला, तर वारंवार न जोडतां जाणत्याकडे न्यावा. नियंत्रक गेला तरी स्मृतीच्या चकतींत मजकूर शिल्लक असूं शकतो. आणि अज्ञात माणसानें दूरध्वनीवर 'आम्ही दुरुस्त करतों' म्हणून संगणकाचा ताबा मागितला, तर तो मुळींच देऊं नये. त्या भुतापेक्षां हा मांत्रिक महाग पडतो.

सर्वांत स्वस्त उपाय आधींचाच : मोलाच्या मजकुराच्या दोन प्रती, दोन ठिकाणीं. त्या असल्या, म्हणजे अशा प्रसंगीं आधीं शोध व मग उपाय, हा क्रम पाळण्याइतकें मन स्वस्थ राहतें.